थोड्या मापांच्या रेषा

पंपाच्या पितळी बुशाचं आतलं माप चाळीस मिलीमीटर हवं. दोन शतांश जास्त चालतं. तीन चालत नाही.

सासू शुद्धीवर होती तेव्हा मुलाबद्दल म्हणाली, "आदी असो नव्हतो गो माझो झील."

गिरणीच्या तळ्याचं पाणी संपाआधी बारा महिने कोमट असायचं. आता गार आहे.

काल सात शब्द. परवा पाच. त्याआधी नऊ, पण त्या दिवशी पाहुणे होते.

माहीमच्या कोळीवाड्यात बोंबील वाळत घालतात तेव्हा एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात. तोंडात तोंड घालून ते दोरीवर सुकतात.

खांब ठोकायचं यंत्र. धम्म. मग इतका वेळ काहीच नाही, की वाटावं बंद पडलं. मग धम्म.

त्या सकाळी मालन जिना उतरून चौकातल्या नळाशी आली आणि सवयीने तिने मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लवू, तिचा नवरा, कठड्याला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तेही सवयीचंच. तोंडात काही नसलं तरी तो काहीतरी चघळत असल्यासारखा दिसायचा, आणि संपाच्या दिवसांत दाढा किडल्या तेव्हापासून हे लागलं असं घरात सगळे धरून चालले होते. मालनने पर्स काखेत मारली आणि ती फाटकाकडे वळली. फाटकात दौलतचं लॉटरीचं टेबल होतं. दौलत पूर्वी लवूच्याच गिरणीत, साचेखात्यात होता. साचे म्हणजे माग, तो आणि लवू दोघेही मागवाले. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आता दौलत लोकांना नशीब विकत होता आणि स्वतः कधी तिकीट घेत नव्हता.

"काय ओ वयनी, उत्तर नाय दिलात?"

"कोणाला?"

"कोणाक म्हणजे? घोवाक तुमच्या. वरसून बोललो ना तो आता. 'थांब, येतंय' म्हणालो. आणि तुमी चाललात बस पकडूक."

"ते बोलले? मला काही ऐकू नाही आलं."

"आयकूक कशाक येतला!" दौलतने तिकिटांच्या गठ्ठ्यावरचा दगड सारखा केला. "ता आमचा साच्यावरचा बोलणा. साचे चालू झाले की कानाशी बॉम्ब फुटलो तरी कळना नाय. मग ओठांनी बोलूचा. आवाज काढूचो नाय, नुसता तोंड करूचा. धा साचे पलीकडचो माणूस तमाखू मागी, ती कळायची. लवू तर काय, अख्ख्या खात्याची चेष्टा करी. एकदा जॉबर मुकादमाची अशी नक्कल केल्यान, की माझो धोटो सुटलो हातातसून. तुमका म्हायत नाय?"

मालनला माहीत नव्हतं. तिने वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती, कठड्यावर टॉवेल वाळत होता.

"रोज बोलतात का हे असं?"

"आता घ्या! घोव तुमचो, आणि इचारतात माका." दौलत हसला. "मी खाली, तो वर. अर्धा दिसता, अर्धा कठडो खाता."

एक टॅक्सीवाला तिकीट घ्यायला वाकला आणि दौलत त्याच्याकडे वळला. बस आली. मालन चढली. वर जाऊन 'काय म्हणालात?' असं विचारता आलं असतं हे तिला भायखळ्याचा पूल ओलांडल्यावर सुचलं, आणि त्याच वेळी आपला चेहरा गरम झाला आहे हे कळलं. थांब, येतंय. तो तिच्याबरोबर यायचं म्हणत होता. कुठे? बसपर्यंत? माझगावपर्यंत? कुठेही. खिडकीच्या काचेत तिला स्वतःचं हसू दिसलं आणि शेजारच्या बाईने पाहिलं असेल म्हणून तिने ते पदराने पुसलं, उन्हाने घाम आल्यासारखं.

तिने त्याला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. लग्न संपात झालं. दोन्हीकडून पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि संप काय महिन्याभरात मिटेल असं तेव्हा सगळेच म्हणत होते. गिरगावातल्या खोलीतून ती लालबागच्या खोलीत आली तेव्हा तिथे एक माणूस भिंतीला टेकून बसलेला होता. विचारलं तर 'हो' म्हणायचा, ताट पुढे केलं तर जेवायचा, मासळीचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावायचा. तिला वाटलं, हा असाच आहे. नवऱ्याचं दुसरं माप तिच्याजवळ नव्हतं. सासू सांगायची, आधी बोलून बोलून जीव खायचा, आंघोळीला बसला तरी आतून बोलायचा. मालन ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. आयांना मुलं अशीच आठवतात. शंभर मापांत एक भलतंच आलं तर ते वगळतात, तसं तिने ते वगळलं.

मापांचं हे सगळं ती नंतर शिकली, हरेश्वरकडे. हरेश्वर माहीम कोळीवाड्याचा. गोदीत जन्मभर तपासनीस होता, आणि निवृत्त झाल्यावर त्याने माझगावात एक गाळा घेऊन जहाजांच्या पंपांचे पितळी बुश बनवायला घेतले. संप संपला न संपला अशा दिवसांत घरी कोणीतरी कमवायलाच हवं म्हणून मालन तिथे झाडू मारायला लागली, आणि वर्षभरात तिच्या हातात मायक्रोमीटर आला, कारण हरेश्वरच्या म्हणण्याप्रमाणे तिचा हात मेलेल्या माशासारखा थंड आणि स्थिर होता. तो तिला चार्ट शिकवायचा तो शिव्या घालत. मधली रेघ म्हणजे ठरलेलं माप. वर एक रेघ, खाली एक रेघ. ठिपके दोन रेघांच्या मध्ये नाचत असले तर मशीन आपल्या स्वभावाने चाललंय, नाचू दे. ठिपका बाहेर गेला तर काहीतरी घडलंय, मशीन थांबव. पण त्या रेघा कुठे काढायच्या? पुस्तकात म्हणे आधी पाच-पाच नगांचे पंचवीस गट मोजा. "आणि आपली ऑर्डर किती? नऊ!" हरेश्वर बोटं नाचवायचा. "नऊ नग झाले की मशीन सोड, दुसरा माल लाव. पंचवीस गट होईपर्यंत माझं तेरावं होईल. म्हणून आपला गरिबांचा चार्ट." गरिबांच्या चार्टात प्रत्येक नगातून त्याचं त्याचं ठरलेलं माप वजा करायचं आणि फक्त फरक मांडायचा; मग चाळीसचा बुश, साठचा बुश, सगळे एका कागदावर येतात. गट नाही, तर एकेक नग घ्यायचा, आणि काल-आजच्या मापात किती अंतर पडलं ते बघायचं. त्या अंतरांच्या सरासरीवरून रेघा काढायच्या. कच्च्या रेघा. नवीन माप आलं की पुसून परत काढायच्या.

घरी ती कागद काढत नव्हती. पण पोळ्या लाटताना, बसमध्ये, कपडे पिळताना तिच्या डोक्यात ठिपके पडायचे. लवू दिवसाला किती शब्द बोलला. दिवसाला एक ठिपका. हे कधी सुरू झालं ते तिला नक्की माहीत होतं: ज्या दिवशी गिरणीचा वॉचमन त्याला दंडाला धरून घरी घेऊन आला, आणि भर उन्हाळ्यात त्याची पँट मांड्यांपर्यंत ओली होती. गिरणीच्या आवारात तळं होतं, इंजिनाची वाफ थंड करायला बांधलेलं. "बाई, सांभाळा," वॉचमन एवढंच म्हणाला. लवूने कपडे बदलले, चहा प्याला, कप विसळून पालथा घातला. तिने आठवून मोजलं: आदल्या दिवशी तो सहा शब्द बोलला होता, त्याच्याही आदल्या दिवशी सहा. कसलीही खूण नव्हती. त्या रात्रीपासून मालन रोज मोजायला लागली, आणि रेघा तिने अगदी जवळ आखल्या. तीन शब्द आले की ती रात्री उठून दाराची कडी बघायची. एकदा दोनच आले. ती दुपारी गाळ्यातून उठली, टॅक्सी केली, जिने धावत चढली. लवू लसूण सोलत बसला होता. पुन्हा एकदा अकरा आले, तेही तिला भ्यायला पुरले, आणि ती परत धावत आली. तो झोपला होता, पंख्याखाली, तोंड उघडं टाकून. रेघा लांब ठेवल्या तर माणूस पाण्यात उतरतो तरी कळत नाही. जवळ आणल्या तर रोज घरात भूत दिसतं. मधली जागा सापडायला खूप मापं लागतात, आणि माणूस दिवसाला एकच माप देतो. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा हरेश्वर शिवी न घालता बोलला, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं. "मालन, माल जहाजावर जातो. त्यावर माझी सही असते. आता अशी मधेच उठून गेलीस, तर उद्या येऊ नको. मी दुसरी बघीन." ती नोकरी म्हणजे घरातली एकुलती चूल होती. तेव्हापासून ती उठली नव्हती.

अधिक एक. शून्य. अधिक एक. उणे एक.

ती बुश मोजत होती आणि मनात दुसरंच चाललं होतं. जर तो बोलत होता, तर इतक्या वर्षांचे तिचे सगळे ठिपके खोटे होते. तिने आवाज मोजला होता. ज्या खात्यात आवाजाला काही किंमतच नव्हती, तिथे तो तरुण झाला होता. मग ते सहा शब्द कोणते? बिऱ्हाडातल्या बहिऱ्या माणसांसाठी, तिच्यासाठी, टाकलेले उष्टे तुकडे. खरं बोलणं चाललं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर, ती पोळी लाटत असताना, ती केस विंचरत असताना, आणि ती म्हणायची, 'दाढ दुखते का? लवंग देऊ?' महिन्यापूर्वी गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम सुरू झालं, पाणी उपसायचे डिझेल पंप दिवसभर घुमायला लागले, तेव्हापासून तो जास्त चघळत होता. चाळीतले सगळे त्या आवाजाने वेडे झाले होते. लवूच्या मात्र कपाळावरची आठी गेली होती. तिने ते पाहिलं होतं, आणि कुठेच मांडलं नव्हतं. आज घरी गेलं की त्याच्यासमोर बसायचं, तिने ठरवलं. नीट उजेडात बसायचं आणि म्हणायचं, शिकवा मला. तिला पुन्हा हसू आलं.

"काय गो, आज बत्तीशी बाहेर?" हरेश्वर मागून आला. "नवऱ्याने गजरा आणला का?" मग त्याने तिच्या समोरचा कागद पाहिला. "हे काय?"

सहावा ठिपका वरच्या रेघेच्या कितीतरी बाहेर होता. मालनने पाहिलंच नव्हतं. तिने फक्त मांडला होता.

"मशीन बंद करू?"

"थांब. आधी माप परत घे." तिने घेतलं. तेच आलं. हरेश्वरने बुश उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने आतली कड चाचपली आणि परत ठेवला. "बाई माझे, मशीनचं काही बिघडलं नाही. हा नग आपल्या ऑर्डरचाच नाही. शेजारच्या ट्रेमधला आलाय. तू दुसऱ्याचं माप आपल्या खात्यात मांडून बसलीस." तो हसत हसत चहा सांगायला गेला.

मालन त्या बुशाकडे बघत राहिली. पितळेला तिचा घाम लागून एक डाग पडला होता.

गॅलरी. कठडा. टॉवेल. ती नळाशी उभी होती, नळ चौकात, चौक खाली. तिने वर पाहिलं तेव्हा तिला त्याची हनुवटी दिसली होती. हनुवटीची खालची बाजू. खाली चौकात बघणाऱ्या माणसाची हनुवटी छातीला लागते. तो खाली बघत नव्हता. तो समोर बघत होता, पत्र्यांवरून पलीकडे, जिथे गिरणीची मागची भिंत आहे आणि त्या भिंतीच्या आत तळं. रोज समोरच बघायचा. पोळ्या लाटताना ती खाली बसलेली असायची आणि त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून जायचे. इतक्या वर्षांत एकदाही तिला असं वाटलं नव्हतं की हा माणूस आपल्याशी बोलतोय. तिची तेवढी एक समज बरोबर होती.

रामजी. नाव आठवलं तसा तिने मायक्रोमीटर खाली ठेवला. साचेखात्यात माग समोरासमोर असायचे. एका ओळीचा माणूस दुसऱ्या ओळीच्या माणसाकडे तोंड करून दिवसभर उभा. संपाच्या दुसऱ्या वर्षी रामजीने त्या तळ्यात जीव दिला. लवू खांदा देऊन आला, त्याने पाय धुतले आणि तो उंबऱ्यात बसला. मालनने विचारलं, "तुमचा कोण होता तो?" तो म्हणाला, "समोरचो होतो." त्या दिवसाचे दोन शब्द. नवी नवरी होती ती, तिला वाटलं समोरच्या चाळीतला असेल. समोरच्या मागावरचा, हे तिला आज कळत होतं.

थांब, येतंय.

हरेश्वर नेहमी सांगायचा, बिघडलेल्या मशीनवर मापं घेऊन रेघा काढू नका, मग बिघाडच सरळ दिसायला लागतो. तिने पहिलं माप घेतलं तेच संपात. ज्या माणसाला तिने मधली रेघ मानलं, तो तेव्हाच रेघेबाहेर गेलेला होता, आणि मग दहा वर्षं तो जितका तिथे राहिला तितका तिला बरा वाटत राहिला. आणि आजचं हे एक माप. एकच. याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही, दौलतने अर्धं पाहिलेलं, अर्धं कठड्याने खाल्लेलं. कदाचित तो हेच रोज म्हणत असेल. रोज सकाळी म्हणत असेल आणि रोज जात नसेल. पूर्वी तीनदा ती धावली आणि तीनदा लसूण, झोप, चहा असंच काहीतरी निघालं. चौथ्यांदा उठायचं, तर उद्यापासून हा गाळा नाही. एका ठिपक्यावर मशीन थांबवायचं नसतं. पण हरेश्वरनेच एकदा गोदीतली गोष्ट सांगताना म्हटलं होतं, पाणबुड्याची दोरी एकदा ओढली गेली तर दुसऱ्यांदा ओढायची वाट बघत बसायचं नाही.

"कुठे?" हरेश्वर दारात दोन कप घेऊन उभा होता.

"घरी."

"मालन, मी काय सांगितलं होतं?"

"आठवतंय."

"लसूणच सोलत असेल गो तो."

"असेल," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरून बाहेर पडली. त्याच्या बशीत चहा सांडला.

खोलीला कडी होती. शेजारच्या कमलने दार उघडून सांगितलं, भावोजी मगाशीच गेले, चपला न घालता, मी विचारलं तर मान हलवली. मालन जिन्यावरून खाली आली ती फाटकाकडे न जाता मागच्या गल्लीत वळली. तिथे गिरणीची भिंत ट्रकना वाट करायला फोडलेली होती. आत चिखल, लोखंडी सळ्या, पिवळ्या टोप्या घातलेली माणसं; कोणी तिला अडवलं नाही, किंवा अडवलं असेल, पंपांच्या आवाजात तिला कळलं नाही. आवाज तळव्यांतून वर चढत होता आणि दातांत येऊन थांबत होता. तळं अजून बुजवलं नव्हतं. हिरवं, सपाट. पलीकडच्या पायऱ्यांवर लवू उभा होता, पाणी त्याच्या कमरेला लागलेलं, आणि त्याचे ओठ भराभर हलत होते. तिने त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. हात उचलून, भुवया उडवून, मान तिरकी करून तो कोणालातरी काहीतरी मजेचं सांगत होता. त्याचा चेहरा तरुण होता. तो देखणा होता, हे तिला आत्ता कळलं.

ती ओरडली. "अहो!" तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही. ती पुन्हा ओरडली, घसा फाटेस्तोवर, आणि पंपांनी ते गिळलं. वळसा घालून जायला वेळ लागला असता, आणि तो एक पायरी आणखी उतरला. तो पाण्याच्या अलीकडच्या काठाकडे बघत होता, कोपऱ्यातल्या मोडक्या कठड्याकडे, एका ठरावीक जागी. मालन धावली आणि त्या जागी जाऊन उभी राहिली. त्याच्या नजरेत. समोर.

त्याचे ओठ थांबले. त्याने मान डावीकडे केली. ती डावीकडे सरकली. त्याने उजवीकडे केली, तीही. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, चालू गप्पांत कोणी मधे येऊन उभं राहिल्यावर येतो तसा.

आता बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही. आवाज नसेल तर ते बोलणं धरत नाहीत, असं तिच्या मनात कुठेतरी आलं असावं, कारण जे नाव तिने लग्नापासून उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं ते तिच्या ओठांवर आलं. ल. जीभ टाळूला. वू. ओठांचा चंबू. तिने ते पुन्हा केलं, मोठं, स्पष्ट, शाळेतल्या पोरीला शिकवावं तसं. लवू. लवू. लवू.

तो बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरून नाही. बराच वेळ पाहिलं. त्याचे ओठ हलले, हळू, एकच वाक्य असावं, आणि तिला ते वाचता आलं नाही. तिने मान हलवली, नाही कळलं. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही कळलं. तेव्हा त्याने हाताने पाणी बाजूला सारलं आणि तो एक पायरी वर आला, मग दुसरी. पायरीवर बसून त्याने पँटचे पाय पिळले. मग काठाकाठाने, एक हात भिंतीला लावत, तो तिच्याकडे चालत यायला लागला. मधे दोनदा थांबून त्याने मागे, पाण्याकडे पाहिलं आणि काहीतरी सांगितलं. मालन जागची हलली नाही. तो पोचेपर्यंत ती त्याच्या ओठांकडे बघत उभी राहिली.

त्यांचं लग्न १९८२च्या वैशाखात लालबागच्या चाळीच्या चौकात लागलं, तेव्हा मालनची मान खाली होती, आणि दोघांच्या मधल्या अंतरपाटाचं एक टोक रामजीने धरलं होतं.